पाण्यातल्या नायट्रेटचा नायट्रोजन करायचा की अमोनिया? कॅटॅलिस्ट निवडताना अडकलेय

रसायनवाली

नमस्कार मंडळी. एमएस्सी केमिस्ट्रीचं शेवटचं वर्ष आहे, प्रोजेक्टसाठी पाण्यातलं नायट्रेट हा विषय घेतलाय. शेतातल्या खतांमुळे, सांडपाण्यामुळे भूजलात नायट्रेट वाढतं, ते उकळून जात नाही, साध्या कार्बन फिल्टरने जात नाही, इथपर्यंत सगळं क्लिअर आहे. पुढे मात्र जेवढे पेपर वाचतेय तेवढा गोंधळ वाढतोय.

काही लोक पॅलेडियम-तांब्याच्या पावडरवर हायड्रोजन सोडून नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि म्हणतात हेच योग्य, वायू हवेत गेला, विषय संपला. दुसरे लोक तांब्याच्या इलेक्ट्रोडवर करंट देऊन अमोनिया करतात आणि म्हणतात नायट्रोजन करणं म्हणजे चांगला माल फुकट घालवणं, अमोनियाचं खत होतं. दोघांचंही पटतं. पण मग कॅटॅलिस्ट (रिॲक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) डिझाईन करताना ठरवायचं कशावरून? धातू आधी निवडायचा आणि मग जे बनेल ते बनेल, असं असतं का?

अजून एक, पोटेन्शियलच्या तक्त्यात बघितलं तर नायट्रेटपासून नायट्रोजन वायूचं स्टँडर्ड पोटेन्शियल साधारण १.२५ व्होल्ट दिसतं आणि अमोनियाचं त्याहून बरंच कमी, म्हणजे नायट्रोजन बनणं जास्त सोपं असायला हवं ना? मग जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रोड अमोनियाकडेच का पळतो? आणि पेपरमध्ये नव्वद-पंच्याण्णव टक्के आकडे येतात तर हे पाणी शुद्धीकरणात सर्रास का दिसत नाही?

आमची लॅब साधी आहे. पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडला ठरावीक पोटेन्शियल देऊन करंट मोजणारं यंत्र) आहे, यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटर आहे, आयन क्रोमॅटोग्राफी दुसऱ्या डिपार्टमेंटमध्ये मागून मिळते. यात काहीतरी प्रामाणिक काम करायचंय. कोणी नीट समजावून सांगेल का?

पृष्ठभाग

छान प्रश्न आहे, त्यातल्या त्यात पोटेन्शियलवाला. उत्तर जरा लांब होईल पण वाच.

नायट्रेटमधल्या नायट्रोजनची ऑक्सिडेशन स्टेट +५ असते. नायट्रोजन वायूपर्यंत यायला प्रत्येक नायट्रोजनमागे ५ इलेक्ट्रॉन लागतात, अमोनियापर्यंत जायला ८. पण हे इलेक्ट्रॉन एकदम येत नाहीत, एकेक ऑक्सिजन तुटत तुटत खाली उतरायचं असतं. पहिली पायरी नायट्रेट ते नायट्राईट, मग नायट्रिक ऑक्साईड, आणि तिथे फाटा फुटतो. स्टँडर्ड पोटेन्शियल तुला फक्त दोन टोकांमधला फरक सांगतं, मधल्या वाटेत काय होतं त्याबद्दल ते काहीच बोलत नाही, आणि सगळी भानगड मधल्या वाटेतच आहे.

त्या फाट्यावर काय होतं बघ. पृष्ठभागावर चिकटलेला नायट्रोजनवाला तुकडा आहे. त्याला शेजारी दुसरा नायट्रोजनवाला तुकडा भेटला तर दोघांचा बाँड होतो आणि नायट्रस ऑक्साईड किंवा नायट्रोजन वायू बनून निघून जातो. शेजारी हायड्रोजन भेटला तर एकेक हायड्रोजन लागत अमोनिया होतो. आता पाण्यात इलेक्ट्रोडला निगेटिव्ह पोटेन्शियल दिलं की पृष्ठभागाजवळ हायड्रोजनचा पुरवठा कायम असतो, पाणी तर सगळीकडेच आहे, आणि नायट्रेट मात्र थोडं. त्यामुळे दोन नायट्रोजन एकमेकांना गाठण्याआधीच हायड्रोजन लागून जातो. म्हणून अमोनिया. थर्मोडायनॅमिक्स, म्हणजे ऊर्जेचा हिशोब, नायट्रोजनच्या बाजूने आहे पण कायनेटिक्स, म्हणजे वेग, अमोनियाच्या, आणि कॅटॅलिस्ट डिझाईन म्हणजे या फाट्यावरची शेजाऱ्यांची मांडणी बदलणं, माझ्या मते या विषयाचा गाभा हाच.

पहिली पायरीही कमी त्रासाची नाही. नायट्रेट सपाट, सिमेट्रिक आयन, चार्ज तिन्ही ऑक्सिजनवर पसरलेला, त्यामुळे तो धातूला धड चिकटतच नाही. पॅलेडियमचंच उदाहरण घे, नायट्राईट दिलं तर झपाट्याने खातो, पण नुसत्या पॅलेडियमला नायट्रेट दिलं तर जवळपास काहीच होत नाही. १९८९ साली जर्मनीत फोर्लोप आणि टाके यांनी पॅलेडियमला तांब्याची जोड दिली तेव्हा हे काम चालू झालं. तांबं नायट्रेटचा एक ऑक्सिजन ओढून घेतं आणि स्वतः ऑक्सिडाईज होतं, शेजारचा पॅलेडियम हायड्रोजन तोडून तो तांब्याकडे सरकवतो आणि तांबं पुन्हा ताजं होतं, आणि तयार झालेलं नायट्राईट पॅलेडियम पुढे नेतो. दोन धातू, दोन कामं. तांब्याच्या जागी कथील किंवा इंडियमही चालतं. राइस विद्यापीठात मायकेल वॉन्ग यांच्या ग्रुपने पॅलेडियमच्या नॅनोकणांवर इंडियमचा अर्धवट थर देऊन बघितलं, तर साधारण ४० टक्के पृष्ठभाग झाकल्यावर वेग सगळ्यात जास्त आला. कमी झाकलं तर नायट्रेट तोडणारी जागा कमी, जास्त झाकलं तर हायड्रोजन तोडणारी जागा कमी. हे वाचल्यावर मला फार आनंद झाला होता कारण इथे डिझाईन शब्दाला खरा अर्थ आहे, दोन कामांमधला तोल चक्क पृष्ठभागाच्या टक्क्यांत मोजता येतो.

इलेक्ट्रोडच्या बाजूला मिशिगन विद्यापीठाच्या गोल्डस्मिथ आणि सिंग यांच्या ग्रुपने २०१९ मध्ये दाखवलं की वेगवेगळ्या धातूंचा वेग आणि ते काय बनवणार हे मुख्यतः दोनच गोष्टींवरून बऱ्यापैकी सांगता येतं, नायट्रोजनचा अणू त्या धातूला किती घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनचा किती. फार सैल असेल तर नायट्रेट येतच नाही, फार घट्ट असेल तर तुकडे सुटतच नाहीत. तांब्याबद्दल सगळे बोलतात कारण ते चांगल्या पट्ट्यात पडतं आणि शिवाय हायड्रोजन वायू बनवण्यात आळशी आहे, म्हणजे करंट फालतू बुडबुड्यांत कमी जातो. त्यात निकेल मिसळलं की नायट्रेट जरा जास्त घट्ट धरलं जातं, असे बरेच प्रयोग आहेत.

पाणीवाली

पृष्ठभाग यांनी केमिस्ट्री मस्त सांगितली. मी पाणी शुद्धीकरणाच्या बाजूची आहे म्हणून उलट टोकावरून सांगते: तुम्ही धातूपासून सुरुवात करूच नका, पाण्यापासून करा. नायट्रोजन की अमोनिया हा प्रश्न पाणीच सोडवतं.

पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट. ती मुख्यतः तान्ह्या बाळांसाठी आहे, नायट्रेटचं नायट्राईट होऊन रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहायचं थांबवतं आणि बाळ निळं पडतं, १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात कॉमली या डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्याशी त्याचा संबंध पहिल्यांदा मांडला. नायट्राईटची मर्यादा तर लिटरला फक्त ३ मिलिग्रॅम. म्हणजे तुमच्या कॅटॅलिस्टने नायट्रेट घालवलं आणि अर्धवट नायट्राईट सोडलं तर पाणी आधीपेक्षा वाईट झालं. हे पहिलं लक्षात ठेवा.

आता समजा विहिरीच्या पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रेट आहे. सगळ्याचा अमोनियम (अमोनियाचं पाण्यातलं चार्ज असलेलं रूप) केला तर लिटरला साधारण २९ मिलिग्रॅम अमोनियम होईल. युरोपच्या पिण्याच्या पाण्याच्या नियमात अमोनियमची मर्यादा ०.५ मिलिग्रॅम आहे. २९ च्या जागी ०.५ पाहिजे म्हणजे नायट्रोजन वायूची सिलेक्टिव्हिटी (गेलेल्या नायट्रेटपैकी नायट्रोजन वायू किती झाला) ९८ टक्क्यांच्या वर हवी, सतत, महिनोन्महिने. पेपरमधला ९० टक्के आकडा बघायला छान वाटतो पण या हिशोबात तो नापास आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं एक उत्तर इथेच आहे.

आणि अमोनिया काढून खत करू म्हणाल तर त्याच १००० लिटर पाण्यातून सगळा मिळून जेमतेम २७ ग्रॅम अमोनिया निघतो, तोही १००० लिटरमध्ये पसरलेला. तो गोळा करण्यातच सगळी शक्ती जाईल. त्यामुळे पातळ, म्हणजे नायट्रेट कमी असलेल्या, पिण्याच्या पाण्यासाठी अमोनिया ही दिशा मला अजिबात पटत नाही, तिथे नायट्रोजन वायूच हवा.

पण दुसरीकडे बघा. आयन एक्स्चेंजने नायट्रेट काढतात तेव्हा ते नाहीसं होत नाही, रेझिनवर बसतं, आणि रेझिन मिठाच्या पाण्याने धुतलं की ते सगळं नायट्रेट थोड्याशा खाऱ्या पाण्यात गोळा होऊन येतं. आरओच्या रिजेक्टमध्येही तसंच. काही कारखान्यांच्या सांडपाण्यात तर लिटरला हजारो मिलिग्रॅम असतं. हे पाणी कुठे सोडायचं हीच खरी डोकेदुखी आहे, आणि इथे मात्र अमोनिया करण्यात अर्थ आहे, कारण माल एका जागी आहे. पीएच ९.२५ च्या बराच वर नेला की अमोनियम बहुतांश अमोनियाच्या रूपात येतो, हवा सोडून किंवा पाणी न झिरपणाऱ्या मेम्ब्रेनमधून तो पलीकडच्या सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ओढला की अमोनियम सल्फेट तयार, ते सरळ खत आहे.

अजून एक गोष्ट जी पेपरमध्ये फारशी येत नाही, खऱ्या पाण्यात नायट्रेट एकटं नसतं. सल्फाईडचा अंश जरी आला तरी पॅलेडियम मरतो, क्लोराईड आणि बायकार्बोनेट जागा अडवून वेग कमी करतात, झाडपाल्यातून आलेलं ह्युमिक ॲसिड पृष्ठभागावर थर देतं. आणि कॅथोडवर, म्हणजे निगेटिव्ह इलेक्ट्रोडवर, एक नायट्रेटचा अमोनिया होताना ९ हायड्रॉक्साईड आयन सुटतात, त्यामुळे इलेक्ट्रोडजवळ पाणी चांगलंच अल्कलाईन होतं आणि जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम तिथेच पांढऱ्या थराने बसतं. कॅटॅलिस्ट कितीही भारी असला तरी चुन्याखाली गाडला गेला की काय करणार.

रसायनवाली

ताई, हे २९ आणि ०.५ चं गणित कुठेच वाचलं नव्हतं, एकदम डोळे उघडले. म्हणजे एकच कॅटॅलिस्ट सगळ्या पाण्याला लावायचा हा विचारच सोडून द्यायला हवा.

पण मग एक शंका. मी वाचलेल्या बहुतेक पेपरमध्ये १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साईडमध्ये ०.१ मोलर नायट्रेट घेतात. ०.१ मोलर म्हणजे लिटरला ६२०० मिलिग्रॅम झालं ना? तो कॅटॅलिस्ट ५० किंवा १०० मिलिग्रॅमच्या साध्या पाण्यात तसाच चालेल का?

करंटवाला

नाही चालणार, आणि का ते कागदावर पाच मिनिटांत काढता येतं, प्रत्येकाने प्रयोगाआधी काढावंच असं माझं ठाम मत आहे.

लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे ०.८ मिलिमोलर. इलेक्ट्रोडजवळ स्थिर पाण्याचा एक पातळ थर असतो, नीट ढवळलं तरी साधारण ५० मायक्रॉन धर. त्या थरातून नायट्रेट डिफ्युजनने जेवढं येईल तेवढंच कॅटॅलिस्टला मिळणार. ८ इलेक्ट्रॉनच्या हिशोबाने गणित केलं तर जास्तीत जास्त करंट चौरस सेंटिमीटरला २ ते अडीच मिलिअँपिअर येतो. बस. यापुढे तू सोन्याचा इलेक्ट्रोड लाव नाहीतर रुथेनियमचा, नायट्रेटच पोचत नाहीये, वरचा सगळा करंट हायड्रोजनच्या बुडबुड्यांत जाणार. पेपरमध्ये शेकडो मिलिअँपिअर दिसतात ते ६२०० मिलिग्रॅमवर. म्हणून पातळ पाण्यात कॅटॅलिस्टपेक्षा इलेक्ट्रोडचा आकार महत्त्वाचा ठरतो, सच्छिद्र इलेक्ट्रोडमधून पाणी आरपार ढकलायचं म्हणजे तो थर पातळ होतो.

हायड्रोजनवाल्या पद्धतीतही हेच दुखणं वेगळ्या रूपात आहे. एका नायट्रेटला नायट्रोजनपर्यंत न्यायला अडीच हायड्रोजन रेणू लागतात, १०० मिलिग्रॅमच्या पाण्याला म्हणजे ४ मिलिमोलर, आणि पाण्यात साध्या दाबाला हायड्रोजन विरघळतो फक्त ०.८ मिलिमोलर. म्हणजे सतत वायू पुरवत राहायचं आणि तो कॅटॅलिस्टच्या कणापर्यंत पोचवायचा.

विजेचा हिशोब पण करून ठेव. १००० लिटर पाणी, १०० मिलिग्रॅम नायट्रेट, सगळं अमोनियापर्यंत, सेलवर ३ व्होल्ट, एकही इलेक्ट्रॉन वाया नाही, तर साधारण १ युनिट वीज. ऐकायला फारच छान. पण फॅराडिक एफिशियन्सी, म्हणजे करंटपैकी कामाला आलेला भाग, २० टक्क्यांवर आली की तेच ५ युनिट होतात, आणि नायट्रेट संपत आलं की ती पडतेच. त्यामुळे पेपर वाचताना तीन आकडे वेगळे काढ: किती नायट्रेट गेलं, गेलेल्यातलं किती हव्या त्या पदार्थात आलं, आणि करंटपैकी किती कामाला आला. पुष्कळदा पहिल्या अर्ध्या तासातली एफिशियन्सी छापलेली असते आणि पाणी पिण्यालायक होईपर्यंत काय झालं ते नसतं.

पूर्ण खालपर्यंत नेलेलं एक उदाहरण म्हणजे राइस विद्यापीठातल्या हाओटियान वँग यांच्या ग्रुपचं २०२२ चं काम, तांब्याच्या नॅनोवायरवर रुथेनियम विखरून टाकलेला. २००० पीपीएम नायट्रेट त्यांनी ५० पीपीएमच्या खाली आणलं आणि एफिशियन्सी ९० टक्क्यांच्या वर राखली, नंतर हवा सोडून अमोनिया वेगळा काढून घन अमोनियम क्लोराईड पण मिळवलं. मला हे काम आवडतं ते शेवटपर्यंत गेल्यामुळे. मात्र पाण्यात पोटॅशियम हायड्रॉक्साईड होतं, हे विसरायचं नाही.

जिवाणूप्रेमी

सगळं वाचलं. मला एक मूळ प्रश्न आहे, हे काम जिवाणू आधीपासून करतायत ना? सांडपाण्याच्या प्लांटमध्ये डिनायट्रिफिकेशन, म्हणजे जिवाणूंकडून नायट्रेट काढणं, रोज चालतं, साध्या तापमानाला, कुठलाही महाग धातू न लावता, आणि शेवटी नायट्रोजन वायू. मग एवढा खटाटोप कशाला?

पाणीवाली

साध्या सांडपाण्यासाठी तुमचं म्हणणं एकदम बरोबर आहे आणि तिथे मी पण जिवाणूच वापरीन. पण जिवाणूंना खायला कार्बन लागतो, मिथेनॉल किंवा ॲसिटेट द्यावं लागतं, थंडीत ते सुस्तावतात, मधेच लोड बदलला तर सावरायला वेळ लागतो, आणि पिण्याच्या पाण्यात त्यानंतर पुन्हा गाळणं आणि निर्जंतुक करणं आलं. रेझिन धुतलेल्या खाऱ्या पाण्यात तर मिठामुळे बहुतेकांचं कामच मंदावतं. कॅटॅलिस्टची जागा तिथे आहे, जिथे जिवाणू नाखूष असतात. शिवाय स्विच दाबला की चालू आणि दाबला की बंद, छोट्या युनिटला हे फार सोयीचं.

पृष्ठभाग

जिवाणूंचा विषय निघाला ते फार बरं झालं, कारण कॅटॅलिस्ट बनवणाऱ्याने त्यांच्याकडेच आधी बघावं असं मला मनापासून वाटतं.

डिनायट्रिफिकेशन करणारा जिवाणू हे काम एका एन्झाईमकडे देत नाही, चार वेगवेगळ्या एन्झाईममध्ये वाटून देतो. नायट्रेटचं नायट्राईट करणाऱ्यात मॉलिब्डेनम, नायट्राईटवाल्यात लोह किंवा तांबं, नायट्रिक ऑक्साईडचे दोन रेणू जोडणाऱ्यात लोह, आणि शेवटचा नायट्रस ऑक्साईड तोडणारा तांब्याचा. म्हणजे मधले पदार्थ एका जागेवरून सुटून दुसऱ्या जागेवर जातात, आणि नायट्रोजन-नायट्रोजन बाँड बनवायला खास एक जागा आहे जिथे दोन रेणू शेजारी शेजारी बसतात.

आता याच्या अगदी उलट, दुसऱ्या काही जिवाणूंत एक लोहाचा एन्झाईम आहे जो नायट्राईटला पकडतो आणि ६ इलेक्ट्रॉन देऊन अमोनियम होईपर्यंत सोडतच नाही. एका खोबणीत एकच नायट्रोजन, जोडीला दुसरा यायला जागाच नाही, मग अमोनियमच होणार.

हे दोन नमुने डोळ्यांसमोर ठेवले की तुझ्या मूळ प्रश्नाचं, म्हणजे डिझाईन कशावरून ठरवायचं याचं, उत्तर बरंच सरळ होतं. अमोनिया हवा असेल तर एकटे एकटे, दूर दूर बसलेले अणू, प्रत्येक जागेवर एकच नायट्रोजन. कार्बनवर लोहाचे सुटे अणू बसवलेला कॅटॅलिस्ट २०२१ मध्ये आला होता, त्याची अमोनियाची एफिशियन्सी साधारण ७५ टक्के होती, आणि त्यामागचा तर्क हाच होता की सुट्या अणूवर दोन नायट्रोजनची जोडी जमत नाही. नायट्रोजन वायू हवा असेल तर शेजारी शेजारी जागा हव्यात, पृष्ठभागावर नायट्रोजनवाल्या तुकड्यांची गर्दी हवी आणि हायड्रोजनची टंचाई. म्हणून हायड्रोजनवाल्या पद्धतीत पाण्यात कार्बन डायऑक्साईड सोडून पीएच खाली ठेवतात, पीएच चढला की पॅलेडियमवर अमोनियम वाढतो.

आणि या वाटेवर नायट्रस ऑक्साईड नक्की मोजायचा. शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साईडच्या साधारण २७३ पट पृथ्वी तापवतो. पाण्यातलं प्रदूषण काढून हवेत हे सोडलं तर त्याला निर्धोक म्हणता येणार नाही.

करंटवाला

वरच्यात जोडतो. नायट्रोजन वायूचे दावे वाचताना एक गोष्ट जरूर बघ: त्यांनी वायू मोजलाय की वजाबाकी केलीय? बरेच जण नायट्रेट, नायट्राईट, अमोनियम मोजतात आणि जे कमी भरलं ते सगळं नायट्रोजन वायू धरतात. पण पीएच चढलेला असेल आणि वरून वायू सोडत असाल तर अमोनिया उडून जातो, आणि वजाबाकीत तो चक्क नायट्रोजन म्हणून मोजला जातो! म्हणून बाहेर पडणारा वायू ॲसिडच्या सापळ्यातून न्यायचा आणि त्यातला अमोनिया पण मोजायचा. नायट्रोजन खरंच मोजायचा असेल तर सेल बंद हवा, आतून आर्गॉनने साफ, नाहीतर हवेतला ७८ टक्के नायट्रोजन आत शिरून सगळं बिघडवतो.

अमोनियाच्या बाजूला उलटी काळजी. तुझ्याकडे स्पेक्ट्रोमीटर आहे म्हणजे इंडोफिनॉल ब्लूने (अमोनिया असेल तर निळा रंग येतो) मोजता येईल, स्वस्त आणि चांगली पद्धत. पण तांबं विरघळून पाण्यात आलं असेल तर रंग बिघडू शकतो, म्हणून ठरावीक अमोनियम मुद्दाम घालून तो पूर्ण परत दिसतो का ते तपास. नायट्रेट न घालता करंट देऊन एक ब्लँक (तुलनेचा रिकामा प्रयोग), नायट्रेट घालून करंट न देता एक ब्लँक. कुठे एनएमआर (अणूंचे सिग्नल वाचणारं यंत्र) मिळाला तर नायट्रोजन-१५ चं, म्हणजे नायट्रोजनच्या जड प्रकाराचं, नायट्रेट वापरून बघ, साध्या अमोनियमचे ३ पीक येतात आणि नायट्रोजन-१५ वाल्याचे २, मग अमोनिया नायट्रेटपासूनच आला यावर कोणी बोट ठेवू शकत नाही. विरघळलेलं तांबं पण मोज, पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे.

रसायनवाली

तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ देऊन लिहिलंत, खरंच मनापासून धन्यवाद. आता असं ठरवतेय, बघा बरोबर वाटतं का. पिण्याचं पातळ पाणी सोडून देते, त्याला लागणारी ९८ टक्क्यांची सिलेक्टिव्हिटी सिद्ध करायला आमच्याकडे वायू मोजायची नीट सोयच नाही. त्याऐवजी रेझिन धुतलेल्या पाण्यासारखं खारं पाणी लॅबमध्ये बनवते, भरपूर मीठ आणि त्यात लिटरला २००० मिलिग्रॅम नायट्रेट, हायड्रॉक्साईड न घालता. कॅटॅलिस्ट तांब्याच्या जाळीवर, एकदा नुसतं तांबं आणि एकदा त्यावर थोडं निकेल. पदार्थ अमोनिया. पहिल्या अर्ध्या तासावर न थांबता नायट्रेट ५० च्या खाली येईपर्यंत चालवायचं आणि दर थोड्या वेळाने सँपल काढून नायट्रेट, नायट्राईट, अमोनियम तिन्ही मोजायचे. मग कॅल्शियम घालून तेच पुन्हा, म्हणजे चुन्याचा थर किती नडतो ते कळेल.

एकच अडचण, सेल एका कप्प्याचा ठेवू की मेम्ब्रेन घालून दोन कप्प्यांचा? एका कप्प्याचा बनवायला खूपच सोपा आहे.

करंटवाला

प्लॅन पक्का आहे, असाच कर. पण पाण्यात मीठ आहे म्हणून एक कप्पा नको. ॲनोडवर, म्हणजे पॉझिटिव्ह इलेक्ट्रोडवर, क्लोराईडचं क्लोरीन बनेल, ते पाण्यात हायपोक्लोराईट होईल आणि कॅथोडवर तू कष्टाने बनवलेला अमोनिया खाऊन नायट्रोजन वायू करून टाकेल. २ अमोनियाला ३ हायपोक्लोरस ॲसिड पुरतात. तुझ्या हातात कमी अमोनिया येईल आणि तू कॅटॅलिस्टला दोष देशील.

काही लोक हेच मुद्दाम करतात, तांब्यावर अमोनिया आणि ॲनोडवर क्लोरीन, दोन्ही मिळून शेवटी नायट्रोजन वायू. कॅथोडला नायट्रोजन बनवायला जमत नाही त्यावर ही चांगली पळवाट आहे, फक्त क्लोरामाईन आणि क्लोरेट उरतात का ते बघावं लागतं. तुला वेळ उरला तर शेवटी मेम्ब्रेन काढून एकदा हा पण प्रयोग कर, तुलना छान होईल.

पाणीवाली

मेम्ब्रेन कुठला घेताय ते बघा हं. आयन एक्स्चेंज मेम्ब्रेनचे दोन प्रकार. ॲनायन (निगेटिव्ह आयन) सोडणारा घेतलात तर नायट्रेट स्वतःच सरकून ॲनोडकडे जाईल आणि कॅथोडच्या कप्प्यात ते कमी दिसेल, रिॲक्शन न होताच. कॅटायन (पॉझिटिव्ह आयन) सोडणारा घेतलात तर नायट्रेट जागेवर राहील पण थोडं अमोनियम पसरत पसरत पलीकडे गळू शकतं. तुमच्या कामाला मी दुसरा घेईन, कारण त्यात नायट्रेट अडतं आणि विजेची ओढ अमोनियमला कॅथोडकडेच ठेवते. पलीकडच्या कप्प्यात मीठ घालू नका, सोडियम सल्फेट घाला, म्हणजे तिथे क्लोरीन फारसं होणार नाही. आणि कुठलाही घेतलात तरी दर वेळी दोन्ही कप्प्यांतलं सँपल काढा, बाहेर जाणारा वायू ॲसिडच्या सापळ्यातून न्या, आणि सुरुवातीला घातलेला नायट्रोजन शेवटी सगळा मिळून किती टक्के सापडला तो आकडा प्रत्येक रनसमोर लिहा.

रसायनवाली

कॅटायन मेम्ब्रेन आणि पलीकडे सोडियम सल्फेट, लिहून घेतलं. सोमवारी गाईडना हा प्लॅन दाखवते, जाळीवर निकेल बसवायला घेतलं की पहिल्या रनचे तिन्ही आकडे आणि नायट्रोजनचा हिशोब इथेच टाकते.